हेडफोनसाठी लाकडी स्टँड: मापापासून तेलापर्यंत

हेडफोनचा स्टँड बनवायला निघालेले बहुतेक जण आधी लाकूड शोधतात. छान रेषांचा एखादा तुकडा हाती लागतो, त्यातलं काही वाया घालवायला जीव होत नाही, आणि मग स्टँडची उंची-रुंदी त्या तुकड्यावरून ठरते. हा क्रम उलटा आहे. स्टँडची सगळी मापं हेडफोनवरून निघतात. ज्या स्टँडवर हेडबँड ताणला जातो, पॅड दाबले जातात किंवा केबल टेबलावर मुडपते, तो कितीही देखणा असला तरी हेडफोनसाठी टेबलावर पडून राहणंच बरं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. स्टँडच्या लाकडाचा आवाजावर परिणाम होतो असं कुणी सांगितलं, तर हसून सोडून द्या. स्टँडवर असतो तेव्हा हेडफोन वाजत नसतो. स्टँडचं काम एवढंच की पॅड, हेडबँड आणि केबल जास्त काळ टिकावीत आणि हेडफोन हाताशी असावा.

आधी हेडफोन मोजा

कागद, पेन्सिल, मोजपट्टी आणि तुमचा हेडफोन घेऊन बसा. चार मापं लागतात.

पहिलं उंचीचं. ऐकताना हेडफोनचे स्लायडर ज्या खुणेवर ठेवता तिथेच राहू द्या. हेडबँडच्या आतल्या बाजूचा सर्वांत वरचा बिंदू धरा आणि तिथून कपच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. बऱ्याच मोठ्या हेडफोनमध्ये हे अंतर १८ ते २२ सेंटीमीटर भरतं. आता केबल लावून पुन्हा बघा. कपच्या तळातून केबल निघत असेल, तर प्लग आणि त्याच्यामागचा रबरी गळा मिळून चार-पाच सेंटीमीटर खाली लोंबतात. तेही धरायचे आणि वर दोन सेंटीमीटर मोकळे सोडायचे. म्हणजे १९ अधिक ५ अधिक २, अशी २६ सेंटीमीटर उंची बैठकीच्या, म्हणजे खालच्या फळीच्या, पृष्ठभागापासून माथ्यापर्यंत, म्हणजे हेडबँड टेकतो त्या वरच्या तुकड्यापर्यंत हवी. विकतचे कितीतरी स्टँड इथेच फसतात: कप मावतो, प्लग मावत नाही, आणि केबल रोज त्याच जागी काटकोनात वाकून शेवटी आतून तुटते.

दुसरं माप हेडबँडच्या रुंदीचं, म्हणजे समोरून मागे. बहुतेक ठिकाणी ते तीन ते चार सेंटीमीटर असतं. माथा यापेक्षा थोडा रुंद, साधारण पाच सेंटीमीटर ठेवावा. माथा अरुंद झाला की त्याच्या कडा हेडबँडच्या गादीत रुततात आणि तिथे कायमची घडी पडते.

तिसरं, कमानीचा आकार. हेडफोन एका बोटावर सैल लटकवा, मागे कागद धरा आणि हेडबँडची आतली रेघ पेन्सिलीने काढून घ्या. डोक्यावर असताना नाही, लटकलेला असतानाच. डोक्यावर हेडबँड फाकतो आणि ती फाकलेली कमान माथ्याला दिली, तर हेडफोन रात्रभर ताणलेलाच राहतो. नवा हेडफोन कानांना घट्ट वाटतो म्हणून काही जण मुद्दाम रुंद स्टँडवर ठेवतात. पकड सैल होते खरी, पण किती होईल यावर तुमचा ताबा राहत नाही.

चौथं माप लोक विसरतात: लटकलेल्या अवस्थेत दोन पॅडमध्ये उरणारं अंतर. काही हेडफोनचे पॅड एकमेकांना जवळजवळ चिकटतात, काहींमध्ये चार-पाच सेंटीमीटर फट राहते. स्टँडचा खांब या फटीतून जाणार असतो. फट तीन सेंटीमीटर असताना खांब पाच सेंटीमीटर जाड केला, तर दोन्ही पॅड खांबावर दाबून बसतात, आतला फोम एका बाजूने चेपतो आणि ऐकताना पॅड कानाभोवती नीट टेकत नाहीत. फट अगदीच कमी असेल, तर खांब जितका बारीक करता येईल तितका करा. अठरा मिलिमीटरपर्यंत सहज उतरता येतं.

वजनही बघून ठेवा. सेनहायझर एचडी ६०० साधारण २६० ग्रॅमचा आहे, ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स २८५ ग्रॅमचा, ॲपल एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या आसपास आणि फोकल युटोपिया ४९० ग्रॅमचा. प्लेनर जातीचे, म्हणजे चुंबकांच्या ओळींजवळ ताणलेल्या सपाट पडद्याचे, काही हेडफोन याहूनही जड असतात. हे वजन पुढे बैठक ठरवताना लागेल.

आकार कुठला घ्यावा

पहिल्या स्टँडसाठी माझं मत एकच: बैठक, मधोमध उभा खांब आणि वर कमानदार माथा. तीन तुकडे, दोन जोड. ग्रीक अक्षर ओमेगासारखे (Ω) वाकवलेले स्टँड फोटोत फार मोहक दिसतात, पण त्यासाठी पातळ पट्ट्या साच्यावर वाकवून चिकटवाव्या लागतात. तो साचा बनवणं हेच स्टँडपेक्षा मोठं काम आहे. एका बाजूने खांब आणि पुढे आलेला आडवा हात, असाही एक प्रकार दिसतो. त्यात हेडफोनचं वजन बैठकीच्या मध्यावर येत नाही, आणि नवख्याने केलेला जोड नेमका तिथेच सैल होतो.

बैठक किती मोठी

हेडफोन स्वतःहून स्टँड पाडत नाही. स्टँड पडतो केबलला पाय अडकल्यावर, किंवा घाईत हेडफोन उचलताना माथ्याला हिसका बसल्यावर. हे थोडं मोजून बघता येतं.

समजा बैठक १८ सेंटीमीटर लांब, १५ सेंटीमीटर खोल आणि अडीच सेंटीमीटर जाड आहे. घनफळ ६७५ घन सेंटीमीटर झालं. सागवानाची घनता साधारण ०.६५ धरली तर बैठक ४४० ग्रॅमची होते. खांब आणि माथा मिळून आणखी पाव किलोच्या आसपास, वर ३०० ग्रॅमचा हेडफोन, म्हणजे सगळं मिळून एक किलो. माथा टेबलापासून ३० सेंटीमीटर उंच असेल आणि बैठकीची खोली १५ सेंटीमीटर, तर स्टँड पुढे-मागे उलटवायला माथ्याला फक्त २५० ग्रॅमच्या वजनाइतका आडवा ओढा पुरतो. हे फार नाही.

बैठकीच्या तळाला १० बाय १० सेंटीमीटरची, सहा मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी बसवली तर ४७० ग्रॅम वाढतात आणि तोच आकडा ३७० ग्रॅमच्या आसपास जातो. पट्टी बसेल एवढी खाच तळातून खोदावी लागते, तेवढीच मेहनत. जड हेडफोन असेल तर ती जरूर करा. हलक्या हेडफोनला बैठक दीड-दोन सेंटीमीटर मोठी केली तरी भागतं. खोली उंचीच्या निम्म्याहून कमी मात्र कधीच ठेवू नका.

लाकूड

आता लाकूड. लागतं फार थोडं. फर्निचरच्या कामातून उरलेले तुकडेही पुरतात, त्यामुळे सुताराकडे किंवा वखारीत तुकड्यांच्या ढिगात आधी हात घाला.

लाकूड किती कठीण हे जांका चाचणीवरून कळतं. ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा अर्धा रुतेपर्यंत लाकडात दाबायचा आणि त्याला किती बळ लागलं ते मोजायचं, अशी ही चाचणी. पांढऱ्या पाइनचा आकडा ३८० पाउंड-बळाच्या आसपास येतो, काळ्या अक्रोडाचा १०१०, सागवानाचा १०७० आणि कठीण मॅपलचा १४५०. पाइनवर नखानेसुद्धा व्रण उठतो. सराव म्हणून एक स्टँड पाइनचा करायला हरकत नाही, पण रोजच्या वापराला नको. मॅपल टिकाऊ, मात्र हाताने कमान काढताना दमवतं, आणि ड्रिलची पाती बोथट असली की करपून काळे डाग पडतात. मधलं म्हणजे सागवान आणि अक्रोड. नवख्याने यातलंच घ्यावं.

सागवानात तेल असतं. त्यामुळे ते कापायला गुळगुळीत लागतं, पण गोंद धरायला कुरकुर करतं. जोडाची जागा ताजी घासून, ॲसिटोनने पुसून लगेच गोंद लावला की पकड येते. शिसम दिसायला अप्रतिम आणि वजनाला भरपूर, पण एक लक्षात ठेवा: शिसम ज्या डाल्बर्जिया प्रजातीतलं, तिच्यातली जवळजवळ सगळी झाडं जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मिळ होत चाललेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. घरी वापरायला बनवताना त्याने काही अडत नाही. स्टँड दुसऱ्या देशात पाठवायचा असेल तर तिथले नियम आधी बघा.

तुकडा निवडताना तीन गोष्टी बघायच्या. गाठ खांबात नको, बैठकीत चालेल, माथ्यात मुळीच नको. खांबाच्या रेषा लांबीच्या दिशेने सरळ गेलेल्या हव्यात. आणि लाकूड वाळलेलं हवं. उघड्यावर लाकूड वाळायला २५ मिलिमीटर जाडीमागे साधारण वर्ष लागतं असा जुना अंदाज आहे. विकत आणलेला तुकडा ज्या खोलीत स्टँड राहणार तिथेच एक-दोन आठवडे ठेवून द्यावा, भिंतीला टेकवून नको, खाली दोन काड्या घालून, म्हणजे चारी बाजूंनी हवा लागेल. लाकूड आडव्या दिशेने फुगतं आणि आक्रसतं. ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडला की २० सेंटीमीटर रुंदीची फळी दोन मिलिमीटरपर्यंत बदलू शकते. लांबीच्या दिशेने हा बदल जवळजवळ नसतोच. जोड करताना हे पुन्हा आठवायचं आहे.

हत्यारं

बारीक दातांची करवत, गुण्या, ड्रिल, रंधा, एक अर्धगोल कानस, दोन-तीन क्लॅम्प, आणि ८०, १२०, १८० व २२० नंबरचे पॉलिश पेपर. पटाशी असली तर उत्तम. माथ्याची कमान जिगसॉने झटकन निघते, पण हाताच्या कमान-करवतीनेही निघते. धूळ रोखणारा चांगला मास्क मात्र टाळू नका. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं आहे, आणि सागवान-शिसमच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळही उठतं. साधा रुमाल पुरत नाही.

बैठक आणि खांब

बैठक कापताना रेषा डावीकडून उजवीकडे, म्हणजे १८ सेंटीमीटरच्या बाजूने जाऊ द्या. वरची बाजू रंध्याने सपाट करा आणि काचेवर ठेवून डुगडुगते का ते तपासा. थोडी डुगडुगत असेल तर काचेवरच पॉलिश पेपर पसरून तिच्यावर बैठक घासा.

खांब आपल्या उदाहरणात २६ सेंटीमीटर उंचीच्या हिशेबाने करायचा, पण माथ्याची मधली जाडी त्यातून वजा करायला विसरू नका. माथा मध्यभागी साडेतीन सेंटीमीटर जाड असेल, तर खांब साडेबावीस सेंटीमीटरचा. जाडी दोन सेंटीमीटर आणि पुढून मागे खोली पाच सेंटीमीटर. बारीक बाजू दोन पॅडच्या मध्ये येते, रुंद बाजू पॅडकडे तोंड करून राहते. हे उलटं झालं तर चौथ्या मापाची सगळी मेहनत वाया.

खांबाची दोन्ही टोकं काटकोनात असणं सगळ्यात महत्त्वाचं. एका बाजूने गुण्या लावून रेघ मारणं पुरत नाही. चारी बाजूंनी रेघ फिरवा आणि शेवटची रेघ पहिलीला मिळते का ते बघा. मग करवत एका कोपऱ्यातून सुरू करून, पुढची आणि वरची अशा दोन्ही रेघा डोळ्यासमोर ठेवत कापा. टोक अर्धा अंश जरी तिरकं गेलं, तरी २६ सेंटीमीटर उंचीवर माथा दोन मिलिमीटरहून जास्त कलतो, आणि तेवढं तिरकेपण डोळ्याला लगेच जाणवतं.

माथा

सगळं कसब इथे आहे, तेव्हा घाई नको. १० सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद, साडेतीन सेंटीमीटर जाड असा ठोकळा घ्या. रेषा लांबीच्या दिशेने हव्यात. रेषा उभ्या घेतल्या तर कमानीची निमुळती टोकं टवका उडून तुटतात.

सुरुवातीला काढलेली कागदावरची कमान कापून ठोकळ्याच्या बाजूवर चिकटवा. कागदावर कमान नीट आली नसेल, तर आठ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ बऱ्याच हेडफोनना चालून जातं. दहा सेंटीमीटर लांबीवर ही कमान काढली की टोकं मध्यापेक्षा साडेसतरा मिलिमीटर खाली येतात. साडेतीन सेंटीमीटर ठोकळ्यातून टोकाशी तेवढीच जाडी शिल्लक राहते, आणि ती पुरेशी मजबूत असते. शंका असेल तर त्रिज्या थोडी लहान धरा. माथा हेडबँडपेक्षा किंचित जास्त गोल असला तर हेडबँड मध्यावर टेकतो आणि दोन्ही बाजू मोकळ्या राहतात. माथा जास्त सपाट झाला, तर हेडबँडचं सगळं वजन दोन कडांवर येतं. पहिलं चालतं, दुसरं चालत नाही.

कापताना रेघेच्या बाहेर एक मिलिमीटर सोडून करवत चालवा. करवत गोल रेघेवर अडत असेल तर दर सेंटीमीटरला रेघेपर्यंत सरळ चिरा पाडा आणि मधले तुकडे पटाशीने उडवा. पटाशी नेहमी मध्याकडून टोकाकडे, म्हणजे उताराच्या दिशेने. उलटी चालवली की ती रेषांमध्ये घुसते आणि आतून सालपट निघतं. मग कानस घ्या, पुन्हा त्याच दिशेने.

कमान झाल्यावर हेडफोन ठेवून बघा. प्रकाशाकडे तोंड करून हेडबँड आणि लाकूड यांच्यामधून उजेड कुठून येतो ते पाहा. टोकांना थोडा उजेड असावा, मध्यात नसावा. हेडबँडच्या दोन्ही बाजूंना स्लायडरचे धातूचे सांधे माथ्याला लागत असतील, तर माथा लांबीने अर्धा-अर्धा सेंटीमीटर कमी करा.

काही हेडफोनमध्ये वरच्या धातूच्या कमानीखाली चामड्याची किंवा कापडाची वेगळी पट्टी ताणलेली असते. स्टँडवर हेडफोन त्या पट्टीवरच टेकतो. अशांना कमान जवळजवळ विसरून जा. माथा रुंद, उतार अगदी सौम्य, आणि कडा भरपूर गोल करा. पट्टी स्वतःहून आकार धरते, तिला फक्त टोचणारी धार नको असते.

माथ्याच्या सगळ्या धारा किमान तीन-चार मिलिमीटर त्रिज्येने गोल करायच्या. कुठली धार राहिली ते हाताला कळतं: डोळे मिटून बोट फिरवा.

माथ्यावर चामडं किंवा मखमल चिकटवायचा मोह होतो. मला ते पटत नाही. रंगवलेल्या चामड्याचा रंग फिक्या हेडबँडला लागतो, मखमल धूळ धरते, आणि उघडं, नीट घासलेलं लाकूड काही वाईट करत नाही. फारच वाटलं तर दोन मिलिमीटर जाडीचं बूच (कॉर्क) लावा.

जोड

माथा खांबाला दोन लाकडी खुंट्यांनी जोडायचा. आठ मिलिमीटर जाड आणि चाळीस मिलिमीटर लांब खुंट्या बाजारात तयार मिळतात. अडचण एकच: दोन्ही तुकड्यांतली भोकं समोरासमोर यायला हवीत.

त्यासाठी एक साधी युक्ती. खांबाच्या वरच्या तोंडावर मधल्या रेघेवर, तीन सेंटीमीटर अंतरावर दोन बारीक खिळे ठोका आणि त्यांची डोकी पक्कडीने अशी कापा की दोन मिलिमीटर टोक वर राहील. माथा उलटा टेबलावर ठेवा, खांब त्याच्या तळावर नेमक्या जागी धरा आणि वरून एक ठोका द्या. माथ्यात दोन ठिपके उमटतात. खिळे उपटा. आता खांबात खिळ्यांच्या जागी आणि माथ्यात ठिपक्यांच्या जागी भोकं पाडा. खांबात तेवीस, माथ्यात एकोणीस मिलिमीटर खोल. ड्रिलच्या पात्याला त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळली की अंदाज चुकत नाही. माथ्याच्या मधल्या साडेतीन सेंटीमीटर जाडीतून वर सोळा मिलिमीटर शिल्लक राहतात, म्हणजे भोक आरपार जाण्याची भीती नाही.

गोंद लावण्याआधी सगळं कोरडंच जोडून हेडफोन लटकवून बघा. उंची, फट, प्लग, सगळं. या घडीला काही बदलणं सोपं असतं.

खांबाच्या आडव्या कापलेल्या तोंडावर लाकूड गोंद पिऊन टाकतं. म्हणून तिथे आधी पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्या, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मग पुन्हा लावून जोडा. भोकांच्या भिंतींना गोंद लावा, तळात ओतू नका. तळात साठलेला गोंद खुंटीला बाहेर ढकलतो. कमानदार माथ्यावर क्लॅम्प घसरतो, तेव्हा कमान कापताना निघालेले दोन्ही टोकांचे तुकडे परत जागेवर ठेवून त्यांवर क्लॅम्प लावा. म्हणून ते तुकडे फेकायचे नाहीत. कडांना आलेला गोंद ओला असतानाच फडक्याने टिपा. वाळल्यावर तिथे तेल मुरत नाही आणि पांढुरका डाग राहतो.

बैठक मात्र मी गोंदाने जोडत नाही. तळातून दोन स्क्रू, प्रत्येकी साठ मिलिमीटर लांब आणि पाच मिलिमीटर जाड. बैठकीतलं भोक साडेपाच मिलिमीटरचं, म्हणजे फळी ऋतूप्रमाणे फुगली-आक्रसली तरी स्क्रूला ताण नाही. खांबात सव्वातीन मिलिमीटरचं भोक आधी पाडून घ्यायचं, नाहीतर खांब चिरतो. स्क्रूची डोकी तळात पूर्ण बुडली पाहिजेत. स्क्रूला थोडं मेण चोळलं की ते कठीण लाकडात सहज जातात आणि मोडत नाहीत. पुढे कधी दुसरा हेडफोन आला, तर खांब काढून उंच खांब बसवता येतो, हा आणखी एक फायदा. लोखंडी पट्टी बसवायची असेल तर तिच्यातली भोकंही थोडी सैलच ठेवा.

घासाई

८० पासून २२० पर्यंत क्रमाने, नेहमी रेषांच्या दिशेने. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे राहतात आणि तेल लावल्यावर ते उठून दिसतात, तेव्हा वेळ गेलेली असते. १८० नंतर ओल्या फडक्याने सगळं पुसून वाळू द्या. लाकडाची लव उभी राहते. मग २२० ने हलक्या हाताने ती काढा. बैठकीच्या बाजूंची आडवी तोंडं आणखी बारीक, ३२० पर्यंत घासली तर ती बाकीपेक्षा काळपट दिसत नाहीत.

शेवटच्या चकाकीसाठी स्टील वूल वापरण्याची पद्धत आहे. इथे ती नको. ओकसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात अडकलेले लोखंडाचे तंतू ओलाव्याने काळे डाग पाडतात. त्याहून मोठं कारण हेडफोन आहे. त्याच्या आत लोहचुंबक असतो आणि ओपन-बॅक हेडफोनला बाहेरून फक्त जाळी असते. लोखंडाचा कीस जाळीतून आत खेचला जातो, पडद्याला लागतो आणि खरखर सुरू होते, आणि तो बाहेर काढणं घरी जमण्यातलं नसतं. त्यामुळे कानस, करवत, पक्कड चालू असताना हेडफोन त्या खोलीतच नको. माप बघायला आणाल तेव्हा टेबल ओल्या फडक्याने पुसून घ्या. स्टील वूलऐवजी नायलॉनचा घासणीसारखा पॅड मिळतो, तो वापरा.

तेल, लाख, मेण

लाखेचं पॉलिश झटपट वाळतं आणि सुरेख दिसतं, पण उष्णता आणि स्पिरिट दोन्हींपुढे ते मऊ पडतं. बैठक-खांबाला चालेल. माथ्यावर सतत दाब असतो, तिथे त्यावर ठसा उमटू शकतो. नायट्रोसेल्युलोज लॅकर तर माथ्यापासून दूरच ठेवा. रबर आणि मऊ व्हायनिल यांच्यातली प्लॅस्टिसायझर, म्हणजे मऊपणा आणणारी, द्रव्यं त्या लॅकरला वितळवतात. गिटार ठेवणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे, आणि हेडबँडची कृत्रिम कातडी त्याच जातीची असू शकते.

माझी निवड अळशीचं उकळलेलं तेल किंवा तयार हार्डवॅक्स, म्हणजे मेण मिसळलेलं, तेल. फडक्याने पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढा. असे दोन-तीन हात, मध्ये एक-एक दिवस. जाड थर दिला की चिकट राहतो आणि महिनाभर तसाच राहतो. तेलकट फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती बाहेर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

तेल हाताला कोरडं लागलं म्हणजे पूर्ण वाळलं असं नाही. दोन-तीन आठवडे थांबा. मग पांढरं सुती कापड माथ्यावर ठेवून त्यावर एखादं जाड पुस्तक रात्रभर ठेवा. सकाळी कापडाला पिवळसर डाग किंवा वास असेल, तर अजून आठवडा जाऊ द्या. फिक्या रंगाच्या कापडी हेडबँडसाठी तर ही तपासणी चुकवूच नये.

शेवटची जोडणी

तळाला बुचाचे किंवा फेल्टचे चार तुकडे लावा. रबराचे पाय टेबलाच्या पॉलिशवर डाग पाडतात, शिवाय केबलला हिसका बसला तर रबर घट्ट धरून ठेवतं आणि स्टँड सरकण्याऐवजी उलटतो. फेल्टवर तो जरा सरकतो, आणि पडण्यापेक्षा सरकलेला बरा.

केबलसाठी बैठकीच्या मागच्या कडेला आठ मिलिमीटर रुंदीची खाच पुरते. खाचेच्या धारा पॉलिश पेपर गुंडाळलेल्या पेन्सिलीने गोल करा. उरलेली केबल खांबाभोवती गुंडाळायची सवय लावून घेऊ नका. घट्ट गुंडाळलेली केबल आतून पिळली जाते. सैल वेटोळं करून बैठकीवर ठेवली की झालं, त्यासाठीच बैठक मोठी ठेवली.

खिडकीतून थेट ऊन येतं त्या जागी स्टँड ठेवू नका. उन्हाने लाकडाचा रंग बदलतो, ते एक वेळ चालेल, पण पॅडची कृत्रिम कातडी उन्हात आणि दमटपणात फार लवकर सोलपटते. पहिला पावसाळा किंवा पहिला कडक उन्हाळा गेला की तळातले दोन स्क्रू एकदा तपासा. लाकूड आक्रसलं असेल तर ते पाव फेरा सैल झालेले असतात.